सात पॉइंट, चोवीस माणसं आणि एक खिंड

प्रश्न: ऑफिसच्या सहलीची जबाबदारी या वेळी माझ्याकडे आली आहे. आम्ही चोवीस जण, वयं २४ ते ५८. तीन रात्रींचा मुक्काम १,९०० मीटर उंचीवरच्या एका डोंगरी गावात ठरला आहे. साहेबांनी दुसऱ्या दिवसासाठी सात ठिकाणांची यादी दिली आहे. त्यात ५२ किलोमीटरवरची, ३,६०० मीटर उंचीची खिंडही आहे. एकच मोठी बस ठरवायचा विचार चालू आहे. मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळे "चालेल, चालेल" म्हणाले. नंतर मात्र एकेक जण बाजूला घेऊन सांगतोय. एकाला रक्तदाब आहे, एकीचा गुडघा दुखतो, चौघांना घाटात गाडी लागते, एकीला दरीच्या कडेला उभं राहवत नाही. तरुण मंडळींना ट्रेक हवाय. साहेबांना हे कसं सांगू आणि सगळ्यांना जमेल असं वेळापत्रक कसं आखू?

उत्तर: मीटिंगमध्ये "चालेल" आणि नंतर बाजूला घेऊन खरं काय ते, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मित्रांबरोबर गेलेला माणूस "मला नाही झेपणार, तुम्ही जा" असं सहज म्हणतो. तोच माणूस साहेबांसमोर आणि हाताखालच्या लोकांसमोर हे म्हणत नाही. डोकं ठणकत असतानाही तो वर चढतो, गुडघा दुखत असतानाही चारशे पायऱ्या उतरतो आणि मळमळत असताना मागच्या सीटवर गप्प बसून राहतो. डोंगरातल्या ऑफिस सहलींमध्ये जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या गप्प राहण्यातून बिघडतं. म्हणून वेळापत्रकच असं आखा की "मला जमणार नाही" हे वाक्य कुणाला बोलावंच लागू नये.

सुरुवात माहिती गोळा करण्यापासून करा. प्रत्येकाला वैयक्तिक निरोप पाठवा, ग्रुपवर नाही. विचारायचं एवढंच: रक्तदाब, हृदयविकार, दमा, मधुमेह, फिट येणं यापैकी काही आहे का; रोजची औषधं कोणती; घाटात गाडी लागते का; न थांबता चार मजले चढता येतात का; खाण्याची पथ्यं किंवा ॲलर्जी; खोलीत कुणाबरोबर राहायला आवडेल; आणि घरच्या एका माणसाचा नंबर. "आणखी काही सांगायचं असेल तर" अशी एक मोकळी ओळ ठेवा, म्हणजे गरोदरपणासारखी गोष्ट कुणावर थेट प्रश्नाचा दबाव न येता सांगता येते. उत्तरं फक्त तुम्ही वाचणार आणि परत आल्यावर पुसून टाकणार, हे आधीच लिहा आणि तसंच करा. ऑफिसच्या मेलवर ही माहिती मागवू नका. नोकरीच्या ठिकाणी आपल्या आजाराची नोंद राहील अशी शंका आली, की माणसं लिहिताना हात आखडता घेतात.

आता साहेबांच्या सात ठिकाणांचा हिशोब मांडू. तो त्यांच्यासमोर कागदावरच ठेवायचा आहे. वळणावळणाच्या घाटात भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० ते २५ किलोमीटर पडतो. जाऊन-येऊन १०४ किलोमीटर म्हणजे पावणेपाच तास नुसते चाकांवर. चोवीस माणसं गाडीतून उतरायला, स्वच्छतागृह शोधायला, पुन्हा गोळा व्हायला आणि मोजून आत बसायला प्रत्येक थांब्यावर किमान वीस मिनिटं जातात. त्यात बघण्याचा अर्धा तास धरला, तर एका ठिकाणाला ५० मिनिटं आणि सात ठिकाणांना पाच तास ५० मिनिटं. जेवणाचा एक तास. बेरीज साडेअकरा तासांच्या पुढे जाते. सकाळी आठची वेळ सांगितली तरी एवढ्या लोकांची गाडी साडेआठला हलते, म्हणजे परत यायला रात्रीचे आठ. शेवटचे दीड-दोन तास अंधारात, दमलेल्या ड्रायव्हरबरोबर, उताराच्या घाटात. आणि या हिशोबात रस्त्यातली कोंडी नाही, कुणाला उलटी झाली म्हणून थांबणं नाही, चहासुद्धा नाही.

साहेबांना "एवढं जमणार नाही" असं सांगू नका. दोन वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवा. एकात वरचा हिशोब तासा-मिनिटांसकट आणि दुसऱ्यात हे: पहिल्या दिवशी पोचल्यावर गावाजवळचं एक ठिकाण, तेही चालत. दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्याच उंचीच्या आसपासची तीन ठिकाणं. तिसऱ्या दिवशी खिंड आणि तिच्या वाटेवरचं एक. चौथा दिवस फक्त खाली उतरण्याचा. सातपैकी सहा ठिकाणं होतात, एकच गळतं, आणि रोज उजेडात परत. यादीतलं फारसं काही जात नाही हे डोळ्यांना दिसलं, की वाद घालायला कारण उरत नाही. कोणतं ठिकाण गाळायचं ते मात्र साहेबांनाच ठरवू द्या.

खिंड दुसऱ्या दिवसावरून तिसऱ्या दिवशी नेण्यामागे शरीराचं कारण आहे. उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, म्हणजे २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. ३,६०० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्क्यांवर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात घटतो. १,९०० मीटरवर तो ८० टक्क्यांच्या आसपास असतो. तिथे दोन रात्री काढल्या, की श्वासाची गती आणि खोली थोडी वाढून शरीर जरा तयार होतं. पहिल्या रात्री प्रवासाचा शीण असतो, झोप अर्धवट झालेली असते, पाणी कमी प्यायलेलं असतं. अशा शरीराला दुसऱ्याच सकाळी १,७०० मीटर वर नेणं बरं नाही.

उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो, पण तो पोचल्या पोचल्या दिसत नाही. बहुतेकांना सहा ते बारा तासांनी जाणवतो. म्हणून खिंडीवर तास-दीड तास थांबून खाली येणं आणि तिथेच मुक्काम करणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची योजना पहिल्या प्रकारची आहे, म्हणून ती करण्याजोगी आहे. कुणी ऐनवेळी "एक रात्र वरच राहू, पहाट छान दिसते" असं सुचवलं, तर तिथे ठाम राहा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असा वैद्यकीय नियम आहे. लेह, ल्हासा, कुस्को ही गावं ३,४०० ते ३,७०० मीटरच्या पट्ट्यात येतात. तिथे विमानाने थेट उतरणारे लोक पहिले एक-दोन दिवस काहीही न करता काढतात ते याचसाठी. तीन रात्रींच्या सहलीत तेवढी सवड नाही.

वर पोचल्यावर काय करायचं तेही ठरवून घ्या. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं हळू चालायचं. धावणं, उड्या मारत फोटो काढणं, पायऱ्यांवर शर्यत लावणं नको. चालताना थोडी धाप लागेल, डोकं हलकं वाटेल. ते साहजिक आहे, उभं राहिलं की कमी होतं. थांबा जास्तीत जास्त दीड तासाचा. जेवण तिथे ठेवू नका, हजार-बाराशे मीटर खाली येऊन करा. खिंडीवर मोठी जेवणं लावली की दीड तासाचे तीन तास होतात, आणि कोंडी झाली तर पाच. कोंडीची शक्यता असते, म्हणूनच सकाळी लवकर वर जायचं आणि गर्दी चढत असताना आपण उतरायचं.

डोकं दुखणं आणि त्याबरोबर मळमळ, चक्कर किंवा गळून जाणं, अशी जोडी दिसली की तो उंचीचा त्रास समजायचा. मग आणखी वर जायचं नाही, खाली यायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर एक मिनिटही वाट पाहायची नाही. फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असण्याची ती खूण असू शकते. ३०० ते १,००० मीटर खाली आलं की बहुधा फरक पडतो. तरीही पुढे डॉक्टरांकडे न्यायचंच. प्राणवायूच्या हातात धरायच्या डब्यांवर विसंबू नका. त्यात काही लिटरच वायू असतो, काही मिनिटांत संपतो, आणि माणसाला बरं वाटल्याचा भास होऊन उतरणं लांबतं. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या मापकाचंही तेच. थंड बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवतो आणि एवढ्या उंचीवर निरोगी माणसाचा आकडाही नव्वदच्या आसपास किंवा त्याखाली येतो. आकड्याकडे बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. माणूस कसा दिसतोय, कसा चालतोय ते बघा.

तरुण मंडळींना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. रोज व्यायाम करणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो. दमसास चांगला असणं आणि उंचीची सवय असणं यांचा फारसा संबंध नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो, दुखणं अंगावर काढतो आणि जास्त त्रासात सापडतो. आदल्या रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळायच्या, दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं. औषधांनी आटोक्यात असलेल्यांना बहुधा जाता येतं, पण गोळी एकही दिवस चुकवायची नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, फुप्फुसाचा जुना आजार, सिकलसेल, गरोदरपण, यांत डॉक्टरांचा शब्द शेवटचा. उंचीच्या त्रासावर आधीपासून घ्यायची ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी असते. तुमच्यासारख्या वर जाऊन लगेच उतरण्याच्या बेतात बहुतेकांना तिची गरज पडत नाही. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सगळ्यांना वाटू नका.

आता गाड्या. एक मोठी बस नको, दोन घ्या: एक १७ आसनी, एक १२ आसनी. खर्च थोडा वाढेल, पण साऱ्या सहलीत तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होणार आहे. एकच बस असली, की एकाला उतरायचं तर चोवीस जणांना उतरावं लागतं. मग तो एक जण बोलतच नाही. दोन गाड्या असल्या, की तिसऱ्या दिवशी दोन बेत करता येतात. मोठी गाडी खिंडीकडे जाईल. छोटी गाडी २,००० मीटरच्या आसपासच्या जंगलवाटेवर किंवा तळ्यावर जाईल, आणि दोन्ही गाड्या दुपारी जेवायला एकत्र येतील. सतरापेक्षा जास्त जणांना वर जायचं असेल, तर दोन्ही गाड्या वर न्या आणि खालच्यांसाठी त्या दिवसापुरती एक छोटी गाडी घ्या. खालचा बेत मात्र कधीही रद्द करू नका.

या खालच्या बेताला "ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी" असं चुकूनही म्हणू नका. त्याला ठिकाणाचं नाव द्या: तळ्याचा बेत, जंगलाचा बेत. तो खरोखर चांगला आखा. सपाट वाट, पक्षी दिसतील अशी सकाळची वेळ, बसायला जागा, निवांतपणा. आणि ऑफिसमध्ये ज्यांना मान आहे अशा एखाद्या वरिष्ठांना आधी भेटून या बेतात यायची विनंती करा. साहेब स्वतः तयार झाले तर फारच उत्तम. वरच्या हुद्द्याचा माणूस खाली थांबतोय हे दिसलं, की रक्तदाबवाले, गुडघेवाले आणि दरीची भीती वाटणारे न सांगता त्या गाडीत येतात. नावं दोन दिवस आधी घ्या, पण निघायच्या क्षणापर्यंत वरून खाली बदलायची मोकळीक ठेवा. उलट बदल, म्हणजे खालच्या गाडीतून वर, तेवढा सकाळी करू नका. आग्रहाने ओढून नेलेली माणसं त्यातच असतात.

गाडी लागण्याचं कारण सोपं आहे. कानातला तोल सांभाळणारा भाग वळणं नोंदवत असतो आणि डोळे समोरच्या सीटची स्थिर पाठ बघत असतात. मेंदूला दोन उलट निरोप मिळतात. म्हणून पुढच्या, काचेतून समोरचा रस्ता दिसणाऱ्या सीट या चौघांना द्या. मागच्या चाकांच्याही मागे असलेली शेवटची रांग वळणावर सगळ्यात जास्त झोके खाते, तिथे ज्यांना काहीच होत नाही त्यांना बसवा. पुढची सीट मानाची असा समज असतो, त्यामुळे जागा पहिल्याच सकाळी तुम्ही नावं लिहून ठरवा. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी घाट सुरू होण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. तिने झोप येते, आणि घाटात ते सोयीचंच आहे. निघण्याआधी तास-दीड तास हलकं खाणं हवं; रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि तुडुंब पोटीही. मोबाइल बघायचा नाही, खिडकी थोडी उघडी, आणि प्रत्येक सीटच्या खिशात एक जाड पिशवी.

ड्रायव्हरची काळजी तुम्हालाच घ्यायची आहे. त्यांना झोपायला वेगळी खोली आहे का, हे मुक्काम ठरवताना विचारा. गाडीत झोपलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तुमच्या सगळ्यांचा धोका वाढवतो. उताराला गाडी खालच्या गियरमध्ये असायला हवी, म्हणजे इंजिनच वेग धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर दहा-पंधरा किलोमीटर उतरलं की ब्रेक तापतात आणि पकड सुटू लागते. जळका वास आला तर ताबडतोब सांगा, मोकळ्या जागी गाडी लावून अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. "दादा, जरा पटकन घ्या" असं ड्रायव्हरला कुणीही म्हणायचं नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

ठिकाणांचा क्रम लावताना सगळ्यात लांबचं आणि उंचावरचं सकाळी घ्या. ऊन चढलं की उतार तापतात, दमट हवा वर सरकते आणि दुपारपर्यंत शिखरांवर ढग जमतात. सकाळी नऊला दिसणारी रांग दोनला नाहीशी झालेली असते. खोल दरीचं मात्र उलट असतं. रात्री थंड हवा तळाशी साचून धुकं बसलेलं असतं आणि ते नऊ-दहापर्यंत विरतं, त्यामुळे दरीचे पॉइंट थोडे उशिरा घ्यावेत. पूर्वेकडे तोंड असलेला कडा सकाळी उजळलेला दिसतो, पण पूर्वेकडे बघणाऱ्या पॉइंटवर सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि समोरचे डोंगर काळे दिसतात. नकाशावर प्रत्येक पॉइंटची दिशा एकदा बघून घ्या.

ट्रेकसाठी दुसऱ्या दिवसाची दुपार योग्य, आणि तोही ऐच्छिक. वेळ काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब अजून उपयोगी पडतो: सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सहा किलोमीटर चाल आणि ४५० मीटर चढ असेल तर ७२ आणि ४५, म्हणजे सुमारे दोन तास. हा सवयीच्या, एकट्या माणसाचा वेळ झाला. सवय नसलेल्या दहा-बारा जणांच्या गटाला त्यात निम्मा मिळवा, म्हणजे तीन तास. अंधार पडण्याच्या दीड तास आधी खाली पोचायचं हे धरून मागे मोजत या आणि परत फिरण्याची वेळ ठरवा. त्या वेळेला माथा पाच मिनिटांवर असला तरी फिरायचं.

पुढे एक वाट माहीत असलेला आणि सगळ्यात मागे एक शेवट राखणारा, असे दोघे हवेतच. शेवट राखणाऱ्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. इथे एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक गटात होते. पुढचे भरभर जातात, थांबून मागच्यांची वाट बघतात, मागचा माणूस धापा टाकत येऊन पोचतो आणि तो आला म्हणून सगळे उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज असते, त्याला ती कधीच मिळत नाही. तासाभराने तोच माणूस अडखळतो. नियम असा करा की शेवटचा पोचल्यावर पाच मिनिटं मोजायची आणि मगच निघायचं, आणि निघताना त्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवायचं. पुढचा माणूस वेग आपोआप कमी करतो आणि मागच्याला "मी सगळ्यांना खोळंबून ठेवतोय" असं वाटत नाही. चालताना एक वाक्य बोलता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर वेग जास्त आहे.

गुडघ्याचा त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो, कारण उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो. म्हणून "वर तर गेल्या, आता काय, उतारच आहे" असं त्या ताईंना कुणी म्हणू नये. पॉइंटला पायऱ्या किती आहेत ते आधी विचारून ठेवा. दोन काठ्या, लहान पावलं, नागमोडी उतरणं, एवढ्यानं बराच फरक पडतो. काठी सपाटीवर धरली तर कोपर काटकोनात यावं. उताराला ती थोडी लांब करायची. बूट नवे नकोत, आणि पायाची नखं निघण्याआधी कापलेली हवीत, नाहीतर उताराला अंगठा बुटाच्या टोकावर आपटून काळानिळा पडतो.

कपड्यांचं थोडक्यात. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गावात २० असेल तर खिंडीवर ९ च्या आसपास, आणि वारा असला तर त्याहूनही कमी वाटतं. एक जाड कोट आणण्यापेक्षा दोन-तीन थर आणि वर वारा अडवणारं जाकीट बरं. घाम शोषून ओला राहणारा सुती बनियन उंचीवर गारठा देतो. हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गार वाऱ्यात ऊन लागल्याचं कळत नाही, म्हणून चष्मा, टोपी आणि ओठांना मलम.

फोटोबद्दल दोन नियम. सगळ्यांचा एकत्र फोटो सकाळी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या अंगणात काढून घ्या, कड्यावर नको. चोवीस जण उभे करताना काढणारा एकेक पाऊल मागे सरकत जातो, कडेचे लोक बाहेर ढकलले जातात, आणि कुणाचंच पायाकडे लक्ष नसतं. दरीच्या कडेचं गवत पुढे झुकलेलं असतं, त्याखाली माती असेलच असं नाही. कठड्याच्या आतच राहायचं. कठडा नसेल तर कडेपासून दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर ठेवायचं. आणि ज्यांना दरीची भीती वाटते त्यांना "ये गं, काही होत नाही" म्हणून हात धरून ओढायचं नाही.

विजेचा कडकडाट सुरू झाला, तर चमकणं आणि आवाज यांत किती सेकंद जातात ते मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसपेक्षा कमी आले, की माथा सोडून गाडीत बसायचं. लोखंडी टपाची बंद गाडी सुरक्षित असते. एकट्या झाडाखालचा किंवा उघड्या शेडमधला आडोसा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

चोवीस डोकी तुम्ही एकट्या मोजू नका. सहा-सहाचे चार गट करा, प्रत्येकाला एक प्रमुख, आणि गाडी हलण्याआधी चौघांनी "माझे सहा आहेत" असं सांगायचं. दोन बेतांच्या दिवशी गाडीप्रमाणे गट पुन्हा पाडा. मोबाइलला रेंज नसेल असं धरूनच चाला. प्रत्येक थांब्यावर परत जमण्याची जागा आणि वेळ बोलून दाखवा. चुकलेल्याने शोधत हिंडायचं नाही, जिथे सगळ्यांना शेवटचं पाहिलं तिथेच थांबायचं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा.

ऑफिसच्या दोन-तीन गोष्टी उरतात. खोल्यांमध्ये साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एकत्र टाकू नका, दोघांनाही मोकळं झोपता येत नाही. घोरणाऱ्यांना एकत्र ठेवा. रोज संध्याकाळी दीड-दोन तास कुठलाही कार्यक्रम नसलेले ठेवा. दिवसभर माणसांत राहून दमणारे बरेच असतात आणि त्यांना तेवढा एकांत लागतो. पैशांचा हिशोब निघण्याआधी लेखी द्या, आणि खालच्या बेतात जाणाऱ्यांना वर्गणी तीच ठेवा, म्हणजे निवड पैशांवरून होणार नाही. जे सहलीलाच येत नाहीत त्यांना कारण विचारू नका. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यातल्या माणसाला विचारायचं. आणि परतीचा दिवस असा धरा की दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल. वाटेत "जाता जाता एक पॉइंट" नको.

हा निरोप आजच पाठवता येईल, हवा तसा बदलून घ्या:

"नमस्कार. तिसऱ्या दिवशी दोन बेत आहेत. पहिला खिंडीचा: उंची ३,६०० मीटर, सकाळी साडेसहाला निघणं, गाडीत सुमारे पाच तास, चालणं थोडं, थंडी बरीच, १७ जागा. दुसरा तळ्याचा: उंची २,००० मीटर, सकाळी साडेसातला निघणं, सपाट वाटेवर तीन किलोमीटर चालणं, निवांत. दोन्ही गाड्या दुपारी दीडला जेवायला एकत्र येतील. वर्गणी सारखीच आहे. कुठला बेत हवा तो फक्त मला कळवा, कारण सांगायची गरज नाही. निघेपर्यंत खिंडीऐवजी तळ्याला यायचं ठरवलं तरी चालेल, जागा ठेवली आहे."